नाव वेगळं, गोळी तीच : अँटिबायोटिकने स्वादुपिंडाला सूज?

विभाग : आरोग्य

तळ्याकाठी

गेली काही वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरी आठ महिन्यांत दोनदा जे झालं ते कुणाच्या ऐकिवात आहे का, हे विचारायचंय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

नवरा ४४ वर्षांचा, माळकरी. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणही बंद असतो, बाकीचं सोडाच. गेल्या ऑगस्टमध्ये त्याला जुलाब लागले. पावसाळ्यात ठाण्यात कुणाला लागत नाहीत! कोपरीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आव आहे म्हणून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, ४०० ची एक, दिवसातून तीनदा. देताना एवढंच म्हणाले, "यावर दारू अजिबात चालणार नाही हां." नवरा गळ्यातल्या माळेला हात लावून हसला.

जुलाब तिसऱ्या दिवशीच थांबले, पण कोर्स पूर्ण करायचा म्हणून गोळ्या चालू होत्या. सहाव्या रात्री दोन वाजता उठून बसला. बेंबीच्या वर कळ, ती थेट पाठीत. आडवं पडलं की वाढायची, म्हणून उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसून राहिला. आधी वाटलं अ‍ॅसिडिटी असेल. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, त्याही थांबेनात. अडीचला रिक्षा करून हायवेजवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. त्यांनी आधी ईसीजी काढला, तो नॉर्मल. मग रक्त घेतलं. लायपेज (स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य, तिथे सूज आली की रक्तात वाढतं) १४८०. त्या लॅबची वरची मर्यादा ६०. स्वादुपिंडाला सूज आहे, म्हणाले.

आणि मग एकच प्रश्न सुरू झाला. "किती घेता?" कॅज्युअल्टीत विचारलं, वॉर्डात विचारलं. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारलं, "वहिनी, खरं सांगा, मित्रांबरोबर अधूनमधून?" तुळशीची माळ दिसत होती हो त्यांना! कॅशलेसला टाकलं तर टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) क्वेरी आली, दारूमुळे झालेलं नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा. सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, लेकाचं काहीतरी मी झाकतेय.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नाहीत. ट्रायग्लिसराइड १४२, कॅल्शियम ठीक. सहाव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर 'इडिओपॅथिक' असं लिहिलं होतं. म्हणजे काय विचारलं, तर कारण सापडलं नाही. दीड महिन्याने एमआरसीपी (पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची एमआरआय) केली, तीही स्वच्छ. (तिथे टेक्निशियन माळ काढा म्हणाला. हे तयार नाहीत. शेवटी दोऱ्यात ओवलेली आहे, धातू नाही, हे बघून तशीच आत जाऊ दिली.)

एप्रिलमध्ये दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनल सुरू केलं आणि दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच कळ. या वेळी घोडबंदरच्या बाजूच्या वेगळ्या हॉस्पिटलात गेलो. लायपेज ९७०. इथे रात्री ड्यूटीवर एक निवासी डॉक्टर होता, पंचविशीचा असेल. त्याने आधी 'किती घेता' विचारलंच, पण मग विचारलं, "दाढेसाठी काय काय गोळ्या घेतल्या? आणि मागच्या वेळी दुखायच्या आधी काय चालू होतं?"

मागचं मला कुठून आठवणार! पण ऑफिसात मेडिकल क्लेमसाठी बिलाचा फोटो पाठवला होता, तो फोनमध्ये सापडला. ऑगस्टच्या गोळीचं नाव एक, दाढेच्या गोळीचं नाव दुसरं, कंपन्याही वेगळ्या. त्याने पाकिटावरची बारीक अक्षरं मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचली. आत दोन्हीकडे एकच औषध. मेट्रोनिडाझोल. तेवढ्यात सिस्टर एक छोटी बाटली टांगायला घेऊन आल्या, पोटाच्या केसला लावतात म्हणून आधीच लिहिलेली. तो म्हणाला, "सिस्टर, ती नको. तेच आहे त्यात."

आता ते बरे आहेत. दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी घरी आलो. पण मला झोप लागत नाही. इतकी साधी, घराघरात पडलेली गोळी असं करू शकते? कुणाला अनुभव आहे का? आणि हे कुठे कळवायचं असतं का?

घोडबंदरचा खड्डा

बाब्बो. वाचतोय. काळजी घ्या ताई.

(अवांतर : अडीच वाजता रिक्षा मिळाली हीच मोठी गोष्ट. आमच्याकडे मानपाड्याला दिवसाही 'तिकडे नाही येणार'.)

साशंक

सहानुभूती आहे, पण एक प्रश्न. जुलाबांचा संसर्ग झाला म्हणूनच स्वादुपिंड सुजलं नसेल कशावरून? काही विषाणू आणि जंतूही ते करतात. गोळी त्याच दिवसांत चालू होती म्हणून दोष गोळीला, हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला असं वाटतं. कोट्यवधी लोक ही गोळी खातात. मी स्वतः दर दोन वर्षांनी खातो.

तळ्याकाठी

@साशंक, पहिल्या खेपेला तुम्ही हे म्हणाला असतात तर मीही मान डोलावली असती. पण दुसऱ्या वेळी जुलाब नव्हते, दाढ होती. दोन्ही वेळा सारखं काय होतं, तर फक्त ती गोळी. आणि पहिल्यांदा सहावा दिवस लागला, दुसऱ्यांदा चार-पाच गोळ्यांतच.

रात्रपाळी

ठाण्यातच फिजिशियन आहे, पोटविकारतज्ज्ञ नाही. कागद न बघता निदान करणार नाही, पण धाग्यात काही गोष्टी सांगायला हरकत नाही.

स्वादुपिंडाला तीव्र सूज आहे हे म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात : तशीच दुखण्याची तऱ्हा, लायपेज किंवा अमायलेज वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी-सोनोग्राफीत दिसणारी सूज. ताईंच्या यजमानांच्या बाबतीत पहिल्या दोन दोन्ही वेळा होत्या. नुसत्या सोनोग्राफीत पुष्कळदा स्वादुपिंड दिसतच नाही, आतड्यातला वायू आड येतो. त्यामुळे 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग सूज कशी' असं कुणी म्हणू नये. सोनोग्राफी मुख्यतः पित्ताशयातले खडे बघायला करतात.

कारणांत खडे आणि दारू ही दोन सगळ्यात मोठी. दारूचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात तो यामुळे. रागावू नका, पण विचारायची पद्धत सुधारायला हवी हे मान्य. त्यानंतर ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर जाणं, कॅल्शियम वाढणं, एंडोस्कोपीने पित्तनलिकेत केलेली कामं, काही आनुवंशिक दोष, काही प्रतिकारशक्तीचे आजार. आणि औषधं. औषधांचा वाटा एकूण रुग्णांत ५ टक्क्यांहून कमी धरतात, काहींच्या मते त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणून यादीत ते शेवटी येतं, आणि शेवटी येतं म्हणून पुष्कळदा विचारायचंच राहतं.

गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींत संशयित औषधांची संख्या पाचशेच्या वर आहे. पण नक्की दोषी म्हणता येतील अशी तीसेकच. २००७ साली बदालोव आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक वर्गवारी मांडली. तिचा पाया साधा आहे : औषध दिलं, सूज आली, थांबवलं, उतरली, पुन्हा दिलं, पुन्हा आली, आणि दुसरी कारणं नीट तपासून बाद केलेली आहेत. हे सगळं ज्या औषधांच्या बाबतीत नोंदवलं गेलंय ती सगळ्यात वरच्या वर्गात. मेट्रोनिडाझोल त्यात आहे. टेट्रासायक्लिन, सल्फामेथॉक्साझोल (कोट्रायमोक्साझोलमधला सल्फा), टीबीचं आयसोनायझिड हीही त्याच वर्गात. अँटिबायोटिक नसलेली पण नेहमीच्या वापरातली म्हणजे फिटचं व्हॅलप्रोएट आणि लघवी वाढवायचं फ्युरोसेमाइड. प्रतिकारशक्ती दाबायचं अझाथायोप्रिन तर या बाबतीत फारच प्रसिद्ध.

@साशंक, तुमची शंका रास्त आहे. पहिल्या वेळच्या माहितीवर मीही 'शक्य आहे' एवढंच म्हटलं असतं. पण 'पुन्हा दिलं, पुन्हा आली' हा भाग मुद्दाम कुणी करून बघत नाही, करूही नये. इथे तो नकळत झाला. आजार वेगळा, कंपनी वेगळी, आतलं औषध तेच, आणि दुसऱ्या वेळी लवकर. यापेक्षा भक्कम पुरावा एका रुग्णात मिळणं कठीण.

तरीही हे दुर्मीळ आहे. हे वाचून कुणी चालू असलेला कोर्स अर्धवट सोडू नका. आवेवर आणि दातांच्या काही संसर्गांवर मेट्रोनिडाझोल चांगलं आणि स्वस्त औषध आहे. हा नकार फक्त या गृहस्थांसाठी आहे.

साशंक

पटलं. कावळा मागे घेतो.

अनुताई

मी उलट बाजूने सांगते. माझ्या आईला (वाशी, वय ६८) दोन वर्षांपूर्वी हेच झालं. लघवीच्या संसर्गावर गोळ्या चालू होत्या. सोनोग्राफी स्वच्छ, त्यामुळे 'गोळ्यांनी झालं असेल' म्हणून आम्ही निर्धास्त. चार महिन्यांनी पुन्हा दुखलं, आणि त्या वेळी एकही गोळी चालू नव्हती. मग एंडोस्कोपीतून आत जाऊन सोनोग्राफी करतात ती, ईयूएस, केली. पित्ताशयात बारीक वाळूसारखा गाळ निघाला. साध्या सोनोग्राफीत तो दिसला नव्हता. पित्ताशय काढलं, आता उत्तम आहे.

म्हणून औषधावर बिल फाडून मोकळं व्हायची घाई नको. ताई, तुम्ही ईयूएस केलीत का?

तळ्याकाठी

हो, मेमध्ये केली, गाळ नाही. प्रतिकारशक्तीच्या आजारासाठी करतात ती आयजीजी-४ नावाची एक रक्ततपासणीही केली, तीही ठीक. तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगून ती करून घेतली.

निसर्गाकडे चला

म्हणूनच म्हणतो, अँटिबायोटिक हे विषच. जुलाबाला कुड्याच्या सालीचा काढा, दाढेला लवंग. स्वादुपिंडासाठी माझ्याकडे एक चूर्ण आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रात्रपाळी

लवंग दुखणं तासभर दाबेल, दाढेच्या मुळाशी साठलेला पू काढणार नाही. आणि सुजलेल्या स्वादुपिंडावर कृपा करून कुणी कसलंही चूर्ण घेऊ नका. त्या अवस्थेत लागतं ते शिरेतून पाणी, दुखण्यावर नीट औषध आणि लक्ष ठेवायला माणूस. ऐंशी टक्के रुग्ण आठवड्याभरात बरे होतात, उरलेल्यांत मूत्रपिंड-फुप्फुसं बसायला लागली तर आयसीयू लागतो, आणि सुरुवातीला कोण कुठल्या बाजूला जाणार हे चेहऱ्यावरून कळत नाही.

संपादक मंडळ

औषधविक्रीसाठी व्यनि मागणारा प्रतिसाद नियमात बसत नाही. पुढच्या वेळी उडवण्यात येईल.

चिंचोका

माझ्याकडचा किस्सा याच्या शेजारचा आहे. भाचा, वय १२, कळव्याला राहतो. टायफॉइड झाला, दहा दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची इंजेक्शनं. नवव्या-दहाव्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, लायपेजही थोडं वाढलेलं. सोनोग्राफी केली तर पित्ताशय खड्यांनी भरलेलं. बारा वर्षांच्या पोराच्या! अ‍ॅडमिट होतानाच्या सोनोग्राफीत काही नव्हतं. एका सर्जननी पित्ताशय काढायची तारीखसुद्धा दिली.

ताईने दुसरं मत घेतलं. ते डॉक्टर म्हणाले, हे खरे खडे नाहीत, औषधाचेच कण आहेत, थांबा. इंजेक्शनं बंद. पाच आठवड्यांनी सोनोग्राफी केली, पित्ताशय रिकामं. आम्ही सगळे त्या रिपोर्टकडे बघतच राहिलो.

रात्रपाळी, हे खरंच असं असतं का, की नशीब?

रात्रपाळी

खरंच असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचा बराचसा भाग पित्तावाटे बाहेर पडतो, आणि तिथे कॅल्शियमशी जोडी जमवून त्याचा साका बसतो. सोनोग्राफीत हुबेहूब खड्यांसारखा दिसतो. मुलांमध्ये, जास्त डोस असताना, पोटात अन्न-पाणी कमी जात असताना जास्त. बहुतेकांना त्रास होत नाही आणि औषध थांबल्यावर तो विरघळून जातो. क्वचित तो नलिकेत अडकून स्वादुपिंडाची सूजही येते. म्हणजे इथे औषध स्वादुपिंडाला थेट चावत नाही, वाट अडवतं.

मेट्रोनिडाझोलचं तसं नाही. तिथे वाट मोकळी असते, प्रकार पेशींच्या पातळीवर घडत असावा, नेमका कसा ते पक्कं ठाऊक नाही. म्हणूनच सगळ्या अँटिबायोटिकना एका माळेत ओवू नये. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असते तशी 'मला अँटिबायोटिक चालत नाही' असं मोघम सांगणारे रुग्ण रोज भेटतात. कुठलं, ते आठवत नसतं. मग आम्ही अंधारात.

मीठभाकरी

नेरुळहून. माझ्या धाकट्या बहिणीला टीबीच्या औषधांवर तिसऱ्या आठवड्यात हे झालं होतं. टीबीचे पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत असतात, त्यामुळे कुठलं दोषी हे कळेना. टीबी सोडूनही देता येत नाही. हॉस्पिटलात ठेवून आधी सगळं बंद केलं, लायपेज उतरल्यावर एकेक औषध सुटं सुरू केलं. आयसोनायझिडच्या पहिल्या गोळीनंतर संध्याकाळपर्यंत पोट धरून बसली. ते वगळून दुसरं औषध घातलं आणि कोर्स पूर्ण झाला. आज ती पनवेलला शाळेत शिकवते.

सांगायचं ते हे की औषध सोडायचं नसतं, बदलायचं असतं. आणि ते आपलं आपण नाही. तिच्या वॉर्डात एका बाईंनी त्रास होतो म्हणून स्वतःच गोळ्या बंद केल्या होत्या, त्यांचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

औषधवाला ऐरोली

वीस वर्षं काउंटरवर उभा आहे, त्यामुळे तळ्याकाठींच्या धाग्याचं शीर्षक मला फार लागलं.

लोक गोळी रंगाने ओळखतात. 'ती पिवळी द्या.' नाहीतर कंपनीच्या नावाने. आतलं औषध पाकिटाच्या मागे बारीक छापलेलं, त्यात स्ट्रिप कापून दिली की अर्धं नाव या गिऱ्हाइकाकडे, अर्धं पुढच्याकडे. हा आमचाही दोष आहे, लिहून घ्या. मी आता सहा गोळ्या कापून देताना नाव असलेला भाग गिऱ्हाइकाला मिळेल अशी कापतो, आणि बिलावर आतलं नाव हाताने लिहितो. रांग लागली की शिव्या बसतात.

ताई, तुमच्यासाठी खास. मेट्रोनिडाझोल फक्त त्या ४०० च्या गोळीत नसतं. जुलाबाच्या काही जोडगोळ्यांत असतं, डायलोक्सानाइडबरोबर. मुलांच्या पातळ औषधात असतं. स्त्रियांच्या काही योनिमार्गातल्या गोळ्यांत असतं. आणि हिरड्यांना लावायच्या जेलमध्ये असतं, क्लोरहेक्सिडिनबरोबर. दातांचे डॉक्टर ते सर्रास देतात. घरी एकदा बघून घ्या.

मग त्याची भावंडं : टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल. नावाचं शेपूट '-निडाझोल' असं दिसलं की थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी तर जुलाबासाठी लोक चहाच्या टपरीवर एकमेकांना देतात. लाल उभी रेघ असलेलं पाकीट चिठ्ठीशिवाय मागू नये, हे मी रोज तीनदा तरी सांगतो. शेजारचा न विचारता देतो, मग माझ्याकडे कशाला येतील.

घोडबंदरचा खड्डा

+१ औषधवाले. प्रामाणिकपणे सांगतो, मी ती पिवळी गोळी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवतो. माळशेज वगैरे गेलो की लागते. आज घरी आणली. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, धागा वाचला.

चिंचोका

@रात्रपाळी, भावंडं चालतात की नाही? धागाकर्तीचा तो प्रश्न आतून आहेच.

रात्रपाळी

एकाने झालं म्हणून दुसऱ्याने होईलच असं नाही. पण रेणूची ठेवण सारखी आहे, आणि पुन्हा झालं तर किती जोरात होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. पर्याय असताना जुगार कशाला? दाढेच्या बाबतीत पर्याय सोपा आहे. खरा उपचार पू काढणं आणि रूट कॅनल. वरून अँटिबायोटिक लागलंच तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलनेट एकटं बऱ्याचदा पुरतं, कारण मेट्रोनिडाझोल ज्या जंतूंसाठी जोडतात त्यांतल्या बहुतेकांवर ते चालतं. तरी जोडी लिहायची सवय आपल्याकडे पक्की आहे, माझीही होती. आवेच्या बाबतीत मात्र जरा अवघड आहे, तिथे पहिली पसंती याच घराण्याची. ती वेळ आली तर पोटविकारतज्ज्ञच ठरवतील.

कळवायचं कुठे, त्याचं उत्तर. भारतात यासाठी फार्माकोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, जुलै २०१० पासून. त्याचं केंद्र गाझियाबादला, भारतीय औषधसंहिता आयोगात. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरांचा फॉर्म वेगळा, रुग्णांचा वेगळा, आणि रुग्णांचा मराठीतही आहे. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणी केंद्रं आहेत, तिथेही देता येतो. सिद्ध करून दाखवावं लागत नाही, संशय पुरेसा आहे. नाव गुप्त राहतं आणि कुणावर केस होत नाही. ज्या डॉक्टरने गोळी लिहिली त्याची यात चूक नाही, त्याला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

आपल्याकडून असे अहवाल फार कमी जातात. मीही गेल्या वर्षभरात दोनच भरले. लिहिताना लाज वाटली, म्हणून लिहून टाकतो.

मीठभाकरी

जेवणाचं काय सांगितलं ताई? बहिणीच्या वेळी पाच दिवस पाण्याचा थेंब दिला नव्हता.

तळ्याकाठी

पहिल्या हॉस्पिटलात तीन दिवस काही नाही. दुसऱ्यात ओकाऱ्या थांबल्याबरोबर, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, पेज द्या म्हणाले. सासूबाई डॉक्टरांशी भांडायला उभ्या. "पोट सुजलंय आणि जेवायला घालताय?" डॉक्टर हसून म्हणाले, आजी, आतडं उपाशी ठेवलं तर त्याचेच जंतू पुढे त्रास देतात. चौथ्या दिवशी मऊ भात आणि बिनतेलाचं वरण. सलाइनही पहिल्या वेळेपेक्षा बेतानेच दिलं.

रात्रपाळी

बरोबर केलं त्यांनी. दोन्ही गोष्टी अलीकडे बदलल्या. आम्ही शिकत होतो तेव्हा स्वादुपिंडाला 'विश्रांती' म्हणून उपाशी ठेवायचे आणि बाटल्यांवर बाटल्या लावायचे. २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत भरमसाट सलाइन दिलेल्यांच्या अंगात पाणी साठण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि फायदा काही दिसला नाही. तेव्हापासून हात आखडता. आणि साध्या सुजेला 'जंतू होऊ नयेत म्हणून' अँटिबायोटिक द्यायची गरज नसते. तुमच्या यजमानांना लागणार होती ती बाटली एरवीही लागायला नको होती.

साशंक

टीपीएचं काय झालं? हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण पैसे महत्त्वाचे.

तळ्याकाठी

पहिल्या वेळी कॅशलेस अडलं, डिपॉझिट भरलं, अडीच महिन्यांनी पैसे परत आले. दुसऱ्या वेळी त्या निवासी डॉक्टरने डिस्चार्ज कार्डावर कारणाच्या ओळीत 'औषधजन्य, मेट्रोनिडाझोल' असं स्पष्ट लिहून वर सिनिअरची सही घेतली. एकही क्वेरी आली नाही. नवऱ्याने ते कार्ड लॅमिनेट करून घेतलंय. क्लेमसाठी नव्हे. आईला दाखवायला.

अनुताई

:) आणि दाखवल्यावर?

तळ्याकाठी

वाचून म्हणाल्या, "मी कुठं काय म्हटलं होतं?"

तळ्याकाठी

चार दिवसांनी पुन्हा आले, थोडं राहिलंय.

औषधवाले, तुमचा प्रतिसाद वाचून बाथरूममधलं कपाट उघडलं. हिरड्यांचं जेल होतं. एप्रिलमध्ये दातांच्या डॉक्टरांनीच दिलेलं, निम्मं वापरलेलं. क्लोरहेक्सिडिन आणि खाली मेट्रोनिडाझोल. हॉस्पिटलातून आल्यावरही ते रात्री ते लावत होते की काय, विचारलं तर आठवत नाही म्हणाले. माझ्या हाताला घाम आला.

रात्रपाळी

हिरड्यांवरून रक्तात उतरतं ते फार थोडं, त्यामुळे घाबरू नका. पण टाकून द्या. घरात नकोच.

तळ्याकाठी

टाकलं. फॉर्म भरला, मराठीतलाच. औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, कधी सुरू केलं, कधी त्रास, कधी थांबवलं, एवढंच मागतात. ऑगस्टचा बॅच नंबर बिलाच्या फोटोत होता. दाढेचं पाकीट मी फेकलं नव्हतं, नशीब.

नवऱ्याच्या पाकिटात रेल्वेच्या पासामागे एक चिठ्ठी घातलीय : मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल देऊ नये, दोनदा स्वादुपिंडाला सूज. मराठीत आणि इंग्रजीत. एक प्रत वारीच्या पिशवीत, कारण वारीत जुलाब झाले की दिंडीतले स्वयंसेवक पहिली तीच गोळी काढतात. दिंडीच्या प्रमुखांनाही फोनवर सांगून ठेवलं. ते म्हणाले, अशी यादी सगळ्यांचीच करून घेऊ का? म्हटलं, घ्या.

दाढेवर कॅप बसवायची राहिली आहे, येत्या गुरुवारी जातोय. दातांच्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, जेलचं माझ्या लक्षातच आलं नसतं.

औषधवाला ऐरोली

चिठ्ठीचा फोटो नाव झाकून टाकता का इथे? काउंटरवर लावतो.

तळ्याकाठी

टाकते संध्याकाळी. अक्षर नवऱ्याचं आहे, समजून घ्या.